ग्रीन टीत दूध घालणाऱ्याला हसण्याआधी

आईची साखर वाढल्याचं कळलं त्याच आठवड्यात भाच्याने पुण्याहून तिच्यासाठी ग्रीन टीचा डबा आणला. पंचवीस पिशव्यांचा, वर डोंगरांचं आणि दवबिंदूंचं चित्र. "आजी, आता तुझा तो चहा बंद. हा प्यायचा," एवढंच तो म्हणाला आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी आई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी उठली. कराडच्या घरी त्या दिवशी आम्ही आठ माणसं होतो. तिने आधण ठेवलं, आलं ठेचून टाकलं, परसातली गवती चहाची चार पाती दुमडून घातली, साखर घातली, आणि मग डब्यातल्या आठ पिशव्या कात्रीने कापून आतली पत्ती पातेल्यात ओतली. उकळी आल्यावर दूध. रंग येईना म्हणून तिने अजून पाच मिनिटं उकळू दिलं. रंग आला नाहीच. कपात पडलं ते मळकट, हिरवट-पिवळं काहीतरी, आणि घोट घेतला तर कडू, तुरट. "पत्ती कच्ची आहे का रे ही?" तिने विचारलं.

आम्ही पोट धरून हसलो. भाच्याने कपाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तिथेही दिवसभर हसण्याची चित्रं पडत राहिली. आईही हसली. पण त्यानंतर तिने आमच्यासमोर चहाबद्दल काही विचारलं नाही. पुढचं दीड वर्ष ती गरम पाण्यात पिशवी बुडवून, काढा घ्यावा तशी, दिवसातून तीनदा ते पीत राहिली. तब्येतीला चांगलं असतं म्हणून.

त्या हसण्याची मला आज लाज वाटते. आणि हे फक्त आमच्या घरात घडलं असं मला वाटत नाही. ग्रीन टीत दूध-साखर घालणारा माणूस हा आपल्याकडे आता अडाणीपणाचा नमुना म्हणून दाखवला जातो. मला म्हणायचं आहे ते असं: ग्रीन टी हे पेय आहे. पेयात कोणी काय घालावं हा त्याच्या जिभेचा प्रश्न आहे. आपण त्याला औषध करून टाकलं, म्हणून दूध घालणं हा गुन्हा ठरला. जाब विचारायचा असेल तर पानाचं औषध करणाऱ्यांना विचारायला हवा. पातेल्यात पत्ती ओतणारी बाई त्यात कुठेच दोषी नाही.

आईचं चुकलं काय, ते आधी बघू. तिच्या परसात 'हिरवा चहा' चाळीस वर्षांपासून उगवतोच आहे. त्याला आपण गवती चहा म्हणतो, पातीचा चहा म्हणतो. आमच्या शेजारच्या गुजराती घरात त्याला 'लीली चा' म्हणतात, म्हणजे शब्दशः हिरवा चहा. हे गवत पावसाळ्यात, सर्दी-पडशात, आल्याबरोबर ठेचून दूध-साखरेच्या चहात उकळतात. डब्यावर 'ग्रीन टी' लिहिलेलं बघून तिने तोच हिशोब लावला. तिच्या हाताला जे माहीत होतं ते तिने केलं. ही वेगळी वस्तू आहे, वेगळ्या रीतीने करायची असते, हे तिला आमच्यापैकी एकानेही सांगितलं नाही. खरं तर आम्हालाही माहीत नव्हतं. आम्हाला फक्त एवढंच माहीत होतं की त्यात दूध घालायचं नसतं.

वस्तू वेगळी आहे, पण झाड एकच. आपला रोजचा काळा चहा आणि ग्रीन टी हे दोन्ही कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झुडपाचे. फरक पान खुडल्यानंतर पडतो. काळ्या चहासाठी पान सुकवून चुरगळतात आणि हवेत राहू देतात. कापलेलं सफरचंद जसं तांबूस पडतं तशी पानातल्या विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) त्याची तांबूस-काळी, कडक पत्ती होते. ग्रीन टीसाठी पान खुडल्यावर लवकरच तापवतात. चिनी लोक बहुधा कढईत परततात, जपानी वाफ देतात. उष्णतेने विकरं थंडावतात आणि पान हिरवं राहतं. आपल्या घरातली दाणेदार पत्ती सीटीसी पद्धतीची, यंत्राच्या दातेरी रुळांतून पान चिरडून, फाडून, गोळी करून काढलेली. ही पद्धत 1930च्या दशकात आसामात आली. तिचा चहा इतका गडद आणि कडक उतरतो की दुधाला पुरून उरतो. हिरव्या पत्तीत तो गडदपणा तयारच झालेला नसतो. त्यामुळे आईने तासभर उकळलं असतं तरी आपल्याला हवा तो रंग येणं शक्य नव्हतं. दुधाखाली ती पत्ती दबून जाते आणि उरतो तो कडवटपणा. म्हणजे दुधाच्या विरोधात चवीची बाजू जरूर आहे. ती मला मान्य आहे, आणि ती सांगायला कोणाची चेष्टा करावी लागत नाही.

पण हिरव्या पत्तीत दूध घालणं ही जगाच्या पाठीवर कोणी केली नाही अशी गोष्ट आहे का? काश्मीरमध्ये ती रोज सकाळी होते. नून चाय, म्हणजे मिठाचा चहा, हिरव्या पत्तीचाच करतात. पत्ती चिमूटभर सोडा घालून बराच वेळ उकळतात, पळीने वर उचलून ओतत हवा खेळवतात, मधे गार पाणी मारतात. सोड्यामुळे आणि हवेमुळे पाणी गडद लाल होतं, आणि त्यात दूध पडलं की गुलाबी. वर मीठ. सोबत कांदुराच्या, म्हणजे तिथल्या रोटीवाल्याच्या, भट्टीतली गरम रोटी. आईच्या पातेल्यात जो रंग आला नाही तो आणण्याची युक्ती तिथल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्याच काश्मीरमध्ये कहवा होतो तोही हिरव्या पत्तीचा: केशर, वेलची, दालचिनी, बदामाचे काप आणि साखर किंवा मध, दूध नाही. एकाच खोऱ्यात एकाच पत्तीचे दोन चहा, एक दुधाचा आणि खारा, दुसरा बिनदुधाचा आणि गोड. तिथे कोणी कोणाला हसत नाही.

साखरेचं म्हणाल तर मोरोक्कोकडे बघा. तिथला पाहुणचाराचा चहा म्हणजे चीनमधून आलेली 'गनपावडर' ग्रीन टी, बारीक गोळ्यांसारखी वळलेली पत्ती. किटलीत पत्ती, मूठभर ताजा पुदिना आणि साखरेचे मोठाले खडे. मग किटली हातभर उंच धरून छोट्या काचेच्या पेल्यांत धार सोडायची, फेस यायला हवा. साखर कमी पडली तर तो पाहुणचारातला कमीपणा. चिनी ग्रीन टीच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी मोरोक्को एक आहे, आणि तो देश ती पत्ती साखरेत घोळूनच पितो. खाली सेनेगलमध्ये याच पत्तीचा चहा तीन फेऱ्यांत, तासन्‌तास बसून पितात आणि फेरीगणिक तो गोड होत जातो. आपल्या हिमाचलातल्या कांगड्याची हिरवी पत्ती एके काळी काबूलपर्यंत जायची. अफगाणी माणूस तिच्यात वेलची आणि साखर घालतो. या सगळ्यांना ग्रीन टी कसा पितात हे कळत नाही, असं म्हणायची आपली तयारी आहे का?

"पण जपानी तर साखर घालत नाहीत," हे ठरलेलं उत्तर. बरोबर आहे. पण जपानी चहासमारंभात माचाचा, म्हणजे ग्रीन टीच्या बारीक भुकटीचा, कडू वाडगा हातात येण्याआधी पाहुण्याला गोड खाऊ घालतात, लाल चवळीच्या जातीच्या कडधान्याच्या गोड सारणाची छोटी मिठाई. जीभ गोड झाल्यावर कडू चहा. गोडी कपात न घालता कपाशेजारी ठेवली, एवढंच. आपल्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला गूळ आणि पाणी द्यायची रीत होती. गुळाचा खडा तोंडात, वर पाण्याचा घोट. मला तर माचाचा हा प्रकार वाचला तेव्हा आजीने पुढे केलेली ती वाटीच आठवली. माणसाने कडू आणि गोड यांची सांगड सगळीकडे घातली आहे.

शुद्ध चहाचा आग्रह धरणारेही काही आजचे नाहीत. आठव्या शतकात चीनमध्ये लु यू नावाचा चहाचा जाणकार होऊन गेला. त्या काळी लोक चहात कांदापात, आलं, पुदिना, संत्र्याची साल असं बरंच काही उकळत. त्याला ते अजिबात पसंत नव्हतं, त्याने त्यावर कडाडून टीका केली. पण तो स्वतः पाण्यात मीठ घालायचा. आज चहात मीठ टाकलं तर शुद्धतेचे पुरस्कर्तेच कपाळाला हात लावतील.

आणि आपण ज्याला 'आपला चहा' म्हणतो, दूध, साखर, आलं, वेलची घालून उकळलेला, त्याचा जन्म तरी कसा झाला? गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मळेवाल्यांच्या संस्थांनी भारतीयांना चहा प्यायला शिकवण्यासाठी मोहीम काढली. रेल्वे स्टेशनांवर, बाजारांत, गिरण्यांत चहा पाजला, तो कसा करायचा याच्या पाट्या लावल्या. त्यांना हवा होता भरपूर पत्तीचा, किटलीत मुरवलेला, वरून थोडंसं दूध घातलेला चहा. आपल्या चहावाल्यांनी केलं उलटंच. पत्ती कमी, दूध जास्त, साखर भरपूर, वर मसाला, आणि सगळं एकत्र उकळून. पत्ती कमी खपते म्हणून मोहीमवाल्यांना ते खटकत होतं. पण टिकला तो चहावाल्यांचाच चहा. पुण्यातली अमृततुल्यं त्याच्यावर उभी राहिली. आज आपण अभिमानाने ज्याचं कौतुक करतो तो चहा हा त्या काळच्या जाणकारांच्या मते चुकीचा चहा होता.

चहावरून माणसाची प्रत ठरवणं महाराष्ट्राला तसं नवीन नाही. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला बोलावलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि शहरभर ग्रामण्य माजलं. मिशनऱ्यांच्या हातचा चहा प्यायला म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. कोणाच्या हातचा चहा प्यायला यावरून तेव्हा माणसं वाळीत पडत होती. तो काळ गेला याचं आपल्याला समाधान वाटतं. तेव्हाच्या त्या भयंकर प्रकाराशी आमच्या घरातल्या हसण्याची बरोबरी मी करणार नाही. पण कपाकडे बघून माणसाची पायरी ठरवायची सवय त्याच जातीची आहे, आणि इंग्रजी शिकलेल्या, शहरात राहणाऱ्या घरांत ती आता आरोग्याच्या नावाने जगते आहे. त्यात नेहमी हसलं जातं ते बहुधा घरातल्या म्हाताऱ्या बाईला, स्वयंपाकाच्या मावशींना, गावाकडच्या पाहुण्याला. मोठ्या शहरातल्या कॅफेत हीच हिरवी भुकटी दुधात फेटून, साखरेचा पाक घालून 'माचा लाटे' म्हणून तीनशे रुपयांना मिळते, तेव्हा तिचा फोटो कौतुकाने काढला जातो.

आता मुख्य आक्षेपाकडे येते. "दूध घातलं की ग्रीन टीचे सगळे गुण जातात." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की ते सिद्ध झालेलं असणार असंच मलाही वाटायचं. त्यामागचा विचार असा, की हिरव्या पत्तीत कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात, दुधातलं केसीन हे प्रथिन त्यांना चिकटतं आणि मग ती अंगी लागत नाहीत. चिकटतं हे खरं. पुढचं इतकं सरळ नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी 2007 साली 16 स्त्रियांवर प्रयोग केला. नुसत्या चहाने रक्तवाहिन्या चांगल्या सैलावल्या आणि दूध घातल्यावर तो परिणाम दिसेनासा झाला. जगभर बातम्या याच प्रयोगाच्या झाल्या. पण तो चहा काळा होता आणि बायका 16. त्याआधी, 1998 साली, नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ग्रीन टी, काळा चहा आणि दुधाचा काळा चहा देऊन रक्तातली कॅटेचिनं मोजली होती, आणि दुधामुळे ती रक्तात पोचायची थांबत नाहीत असं त्यांना आढळलं होतं. म्हणजे दोन प्रयोग, दोन तोंडं. एवढ्या आधारावर एखाद्या बाईचा कप हातातून काढून घ्यावा, असं मला वाटत नाही.

आणि जे गुण दुधाने जातात म्हणतात, ते मुळात आहेत किती? वजनाचंच बघू, कारण डबे विकले जातात ते वजनावर. 2012 साली कोक्रेन या संस्थेने ग्रीन टी आणि वजन यांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. जपानबाहेर झालेल्या सहा अभ्यासांत घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत सरासरी फरक निघाला 0.04 किलोचा. चाळीस ग्रॅम. एवढ्या वजनाला आपण मोठा लिंबू म्हणतो. जपानातल्या अभ्यासांत फरक अधिक होता, पण तोही असा नाही की ज्यावर डॉक्टरांनी भिस्त ठेवावी. ज्या माणसाने दोन वर्षं नाक मुरडून कडू पाणी प्यायलं त्याला हा आकडा कोणी सांगायचा?

याचा अर्थ ग्रीन टी निरुपयोगी आहे असा नाही. जपानच्या मियागी प्रांतात 40,530 प्रौढांची 11 वर्षं पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2006 साली आले. दिवसाला पाच किंवा अधिक कप पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी दिसले, बायकांमध्ये विशेष. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. पण हे लोक तो चहा लहानपणापासून, आवडीने, मासे-भात-भाज्यांच्या जेवणाबरोबर पीत आले आहेत. ते काही संध्याकाळी वडापाव आणि रात्री ग्रीन टी असं प्रायश्चित्त घेत नाहीत. त्यांच्या आयुष्यातला एक पेला उचलून आपल्या ओट्यावर ठेवला म्हणून त्यांचं आरोग्य त्याच्याबरोबर येईल, ही समजूत आपल्याला विकली गेली आहे.

साखरेच्या बाबतीत मात्र मी आईच्या बाजूनेही सूट मागणार नाही. भारतात मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर आहे, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 साली आलेल्या पाहणीत दिसलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तरी रोज चार कप, दर कपाला दोन चमचे, म्हणजे 32 ग्रॅम नुसत्या चहात गेली. आणि आपल्याकडे चमचा सपाट कधी असतो? तो शिगोशीग भरलेला असतो. हा हिशोब घरोघरी व्हायला हवा. पण हिशोब दिवसाचा करायचा असतो. ज्या माणसाने चार कप दुधाच्या गोड चहाऐवजी दोन कप ग्रीन टी एकेक चमचा साखर घालून प्यायला, त्याने दिवसाची 24 ग्रॅम साखर कमी केली. त्याची पाठ थोपटायची सोडून आपण त्या दोन चमच्यांवर बोट ठेवतो. मग तो वैतागून पुन्हा जुन्या चहावर जातो. असं होताना मी माझ्या ओळखीच्या तीन घरांत पाहिलं आहे.

यातली सगळ्यात मोठी फसगत मधाची. साखर घातली तर पाप आणि मध घातला तर आरोग्य, हे समीकरण डब्यांवरच छापलेलं असतं. मध हा साखरेहून जड असतो. चमचाभर मध सुमारे सात ग्रॅम, त्यात 20-21 कॅलरी. चमचाभर साखर चार ग्रॅम, 16 कॅलरी. आरोग्य संघटनेच्या हिशोबात मधातली साखरही साखरच धरली आहे. गुळाचंही तेच. मधुमेही माणूस 'मी साखर नाही घेत' म्हणत दोन चमचे मध घालतो तेव्हा तो दूध-साखरवाल्या आजीपेक्षा शहाणा ठरतो का? शिवाय मध गरम करू नये, हे आयुर्वेदातलं सांगणं आपल्या आज्यांना तोंडपाठ होतं. उकळत्या पाण्यात मध पिळायचा सल्ला परंपरेच्या नावाने देताना तेवढं तरी लक्षात ठेवावं.

आईची खरी हानी साखरेने झालीच नाही. तिचं हिमोग्लोबिन नेहमीच कमी असायचं. लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि तरी आकडा हलत नव्हता. दोनदा गोळी बदलली. तिसऱ्या खेपेला गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" जेवण झालं की ग्रीन टी, आणि त्याच घोटाबरोबर गोळी. चरबी विरघळते म्हणून जेवणानंतर लगेच प्यायला तिला आम्हीच सांगितलं होतं. चहातली, हिरव्या किंवा काळ्या, तुरट द्रव्यं डाळी-भाज्यांतलं आणि गोळीतलं लोह बांधून ठेवतात, ते रक्तात नीट जात नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 सालच्या आहारविषयक मार्गदर्शनातही जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळा, असं स्पष्ट सांगितलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायका, 54 टक्के, रक्तक्षयी आढळल्या. त्या राज्यात जेवणावर लगेच ग्रीन टी प्या असा सल्ला पानोपानी आणि व्हिडिओगणिक दिला जातो. दूध घातलं म्हणून ओरडणारा एकही माणूस यावर ओरडताना मला दिसला नाही. आईनेही डॉक्टरांना आधी सांगितलं नव्हतं, कारण ते तिच्या लेखी चांगलंच होतं. चांगल्या गोष्टीची तक्रार कोण करतं?

औषध म्हणून विकण्याचा शेवटचा टप्पा म्हणजे ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 साली सांगितलं, की गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी, म्हणजे त्यातलं मुख्य कॅटेचिन, पोटात गेलं तर यकृतावर ताण पडल्याच्या खुणा दिसतात. कपातल्या चहाबद्दल त्यांनी अशी भीती घातली नाही. कपात उतरतं ते थोडं, आणि पोटाला झेपेल इतपत. दूध घातलेला कप बिचारा कोणाचं यकृत बिघडवत नाही. या गोळ्या मात्र वजन कमी करण्याच्या नावाने सर्रास मागवल्या जातात.

कडवटपणाचंही थोडं बोलायला हवं, कारण माणूस साखर का घालतो याचं उत्तर तिथे आहे. आपण चहा म्हटलं की खळखळ उकळतो. हिरव्या पत्तीला ते सोसत नाही. पाणी जितकं गरम आणि वेळ जितका जास्त, तितकी तुरट द्रव्यं जास्त उतरतात. पाणी 70 ते 80 अंशांवर असावं आणि पत्ती दोन-तीन मिनिटांत काढावी. घरात थर्मामीटर कोण लावणार? पाणी उकळलं की गॅस बंद करायचा, झाकण काढून पाचेक मिनिटं थांबायचं आणि मग पत्ती टाकायची. पिशवी पिळायची नाही. अशा रीतीने केलेला ग्रीन टी मी पहिल्यांदा प्यायले तेव्हा मला तो गोडसर लागला, कोवळ्या मटाराच्या शेंगेसारखा. तोवर मी जे पीत होते तो पिशवीतल्या चुऱ्याचा, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवलेला काढा होता, आणि तो कोणालाही कडूच लागेल. त्यात साखर घालणारी जीभ बिघडलेली नाही. ती आपलं काम करते आहे.

म्हणून माझं भांडण डब्याशी आहे. आईचा तो डबा मी जपून ठेवला आहे. त्यावर डोंगर आहे, दव आहे, कमरेला मोजपट्टी लावलेली बाई आहे. मराठीत एक अक्षर नाही. पाणी किती गरम असावं ते नाही. लोहाची गोळी घेत असाल तर तासभर थांबा, हे नाही. ज्या राज्यात तो विकला जातो तिथल्या साठीच्या बाईला तो कसा करायचा हे वाचून कळावं, अशी इच्छा छापणाऱ्यांना झाली नाही. 1930च्या दशकात मळेवाल्यांनी निदान चहा कसा करायचा याच्या पाट्या तरी लावल्या होत्या, देशी भाषांत लावल्या होत्या. आता सरकारने वेष्टनावर ही दोन वाक्यं मराठीत सक्तीची करावीत आणि वजनाचे दावे पुराव्याशिवाय छापू देऊ नयेत, एवढी मागणी मला रास्त वाटते. तोवर ते काम घरातल्या शिकलेल्यांचं आहे.

आईची सकाळ आता पुन्हा दुधाच्या चहाने सुरू होते, एक कप, अर्धा सपाट चमचा साखर, आलं. लोहाची गोळी दुपारी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. चार वाजता ती ग्रीन टी करते, गॅस बंद करून, पातेल्याकडे बघत थांबते, आणि पत्तीबरोबर गवती चहाचं एक पातं टाकते. गेल्या महिन्यात भाचा आला होता. तिने त्याला कप दिला आणि विचारलं, "दूध घालू का रे तुला?"

"घाल," तो म्हणाला.